चार्जर दोन तासांनी बंद पडतोय, अर्थिंग ओके आहे, मदत हवी (कोल्हापूर)

मंगळवारपेठ_४७
रात्री ११ ला गाडी चार्जिंगला लावली की एक-दीडला बंद. लाल दिवा. सकाळी बघावं तर ४६ टक्के. चार दिवस हेच चाललंय. शोरूमवाले म्हणतात घरचं वायरिंग बघा, वायरमन म्हणतोय वायरिंग टकाटक आहे, चार्जर बदलून घ्या. शनिवारी पहाटे पुण्याला जायचंय. अर्थिंग ओके आहे, ते कुणी विचारू नका. माहीत असेल त्यानं पटकन सांगा.

उद्यमनगरी_लेथ
एवढ्यावर कोण काय सांगणार भावा?
चार्जर सोबत आलेला पोर्टेबल आहे की भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा? एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) खाली येते, का एमसीबी वरच राहून चार्जर स्वतः थांबतो? मीटरपासून सॉकेट किती लांब, वायर किती स्क्वेअरची (चौरस मिमी)? आणि सकाळी मिळालेले ४६ टक्के दीडला होते तेवढेच, का मधे वाढले?

निवांत_रंकाळा
सीएनजी घेतली असती तर हा धागा आलाच नसता.

पाटील_अर्थिंगवाले
ओके आहे म्हणजे कुणी बघितलं? ईव्ही अडली की आधी अर्थिंग. ३ मीटरचा पाइप उभा, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती), रोध ५ ओहमच्या आत. आपल्याकडं फुटा-दोन फुटांवर काळा पाषाण लागतो, तिथं वायरमन लोक आडवा पाइप पुरून वर सिमेंट करतात आणि झालं म्हणतात. मे महिन्यात तो खड्डा कोरडा पडला की अर्थ नावालाच. दोन बादल्या पाणी ओता आणि आज रात्री बघा.

उद्यमनगरी_लेथ
काका, अर्थ नसला तर चार्जर पहिल्या दहा सेकंदांतच नाही म्हणतो. गाडीला करंट द्यायच्या आधी तो अर्थ तपासतो. दोन तास चालून मग थांबतोय म्हणजे काहीतरी तापतंय. ह्यात पाणी ओतून काय होणार?

पाटील_अर्थिंगवाले
खड्डा चार्जिंग चालू असतानाही कोरडाच असतो. माझं मत मी सांगितलं.

मंगळवारपेठ_४७
पोर्टेबल, १५ अँपिअरच्या प्लगचा. बॅटरी ३० किलोवॅट-तास. एमसीबी १६ ची आहे, पडत नाही. वायर अडीच स्क्वेअर, तांब्याची, अंदाजे ३५ मीटर. तिसऱ्या मजल्यावर मीटर, पार्किंग खाली. ॲपमध्ये बघितलं तर दीडला थांबतो, सव्वादोनला परत चालू, मग पाऊण तासात परत बंद. हे महत्त्वाचं आहे का?

उद्यमनगरी_लेथ
लै महत्त्वाचं आहे. पहिल्यांदा दोन तास, नंतर पाऊण तास: पूर्ण गार व्हायच्या आत परत सुरू होतोय. बऱ्याच पोर्टेबल चार्जरच्या प्लगमध्ये, पिनांच्या मागं, तापमान मोजणारा सेन्सर असतो. प्लग तापला की थांबतो, गार झाला की आपला आपण सुरू. चार्जर त्याचं काम करायलाय.
बंद पडल्या पडल्या एमसीबी खाली करून प्लग काढा आणि पिनांना हात न लावता प्लगच्या पाठीला लावा. चटका बसला तर सॉकेट गुन्हेगार.

राजारामपुरी_१२वी_गल्ली
व्होल्टेज कमी असणार. ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर टाका, विषय संपला.

उद्यमनगरी_लेथ
उलट वाढेल. चार्जर १३ अँपिअरच्या आसपास ओढतो. समजा सॉकेटला २०१ मिळतंय आणि स्टॅबिलायझरनं ते २३० केलं, तर अलीकडच्या वायरीतून १३ ऐवजी १५ अँपिअर जाणार. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्याच जॉइंटवर एक तृतीयांश जास्त ताप. आधीच वितळायला लागलेल्या जागी.

राजारामपुरी_१२वी_गल्ली
स्टॅबिलायझरमध्ये कट-ऑफ असतो हो.

उद्यमनगरी_लेथ
व्होल्टेजचा असतो. जिन्याखालच्या जॉइंटचा नसतो.

४७, मल्टिमीटर आहे का कुणाकडं? वायरमनला समोर उभं करून चार आकडे घ्या. मीटरपाशी फेज-न्यूट्रल, चार्जर बंद असताना आणि चालू झाल्यावर दहा मिनिटांनी. तेच सॉकेटपाशी. सॉकेटचं चालू असतानाचं माप जोड्यातल्या शेजारच्या सॉकेटवर घ्या, प्लग अर्धवट ओढून पिनेला प्रोब लावायचा उद्योग कुणी करू नये. आणि तिथंच न्यूट्रल-अर्थ पण मोजा, चालू असताना.

सोलर_कळंबा
ह्याच्यापेक्षा छतावर ३ किलोवॅट बसवा. दिवसाला साधारण १२ युनिट. पीएम सूर्यघर योजनेत घरगुतीला ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. नेट मीटरिंग असलं की दिवसा दिलेली वीज रात्रीच्या चार्जिंगमधून वळती होते.

निवांत_रंकाळा
त्याचा प्लग जळायलाय आणि तुम्ही पॅनेल विकताय.

सोलर_कळंबा
माहिती दिली. विकत नाही.

मंगळवारपेठ_४७
घ्या आकडे.
मीटर: बंद २२१, चालू २१४.
सॉकेट: बंद २२१, चालू २०१.
न्यूट्रल-अर्थ चालू असताना ०.०. बघा, म्हटलं होतं ना अर्थिंग एक नंबर आहे. पाटील काका, बादल्या वाचल्या.
प्लगची पाठ गरम आहे, हात पाच सेकंद टिकत नाही.

पाटील_अर्थिंगवाले
शून्य? चालू असताना शून्य?

उद्यमनगरी_लेथ
चार्जिंग आत्ता बंद करा. एमसीबी खाली. मग वाचा.

मीटरपासून सॉकेटपर्यंत १३ व्होल्ट पडतायत. अडीच स्क्वेअरच्या तांब्याचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम. जायची-यायची मिळून ७० मीटर, म्हणजे ०.५२ ओहम. १३ अँपिअरला पावणेसात व्होल्ट पडायला पाहिजेत. वरचे सहा-सव्वासहा व्होल्ट जातायत जॉइंट आणि स्क्रूंत. ६ गुणिले १३ म्हणजे ७८ वॅट. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तीन आयर्न तुमच्या भिंतीत रात्रभर चालू आहेत असं समजा.

पण माझी झोप उडवली ती त्या शून्यानं. न्यूट्रलमध्ये १३ अँपिअर वाहताना न्यूट्रलचं सॉकेटकडचं टोक थोडं वर उचललं जाणारच. १३ पडतायत तर त्यातले पाच-सहा न्यूट्रलच्या बाजूला. अर्थ खरी असती तर मीटरनं तेवढे दाखवले असते. नेमका शून्य म्हणजे सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्यानं जोडलेत.

पाटील_अर्थिंगवाले
हेच. पहिल्या दिवशी चार्जरनं अर्थ नाही म्हणून नकार दिला असणार, वायरमननं पिनेला पिन जोडून त्याला फसवला. लाल दिवा गेला, पैसे घेतले, निघाला.

राजारामपुरी_१२वी_गल्ली
फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघा. लख्ख पेटला तर अर्थ चांगली. जुनी आणि खात्रीची पद्धत.

पाटील_अर्थिंगवाले
जोडलेल्या सॉकेटवरही लख्खच पेटतो. करंट न्यूट्रलनं परत जातो, बल्बला काय कळतंय? आणि लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावल्या लावल्या ती पडणार. ती पद्धत आता सोडा.

मंगळवारपेठ_४७
आरसीसीबी नाही त्या लाइनला. मीटरवरून थेट एमसीबी आणि खाली. पण चालत होतं की. एवढं काय होतं त्यानं?

पाटील_अर्थिंगवाले
मीटर आणि सॉकेटच्या मधे कुठंही न्यूट्रल तुटला की फेज चार्जरमधून न्यूट्रलच्या तुकड्यावर येतो, तिथून त्या जोडणीतून अर्थच्या पिनेवर, तिथून गाडीच्या बॉडीवर. गाडी टायरवर उभी, करंटला जमिनीत जायला वाट नाही, त्यामुळं काहीच पडत नाही. ओल्या पार्किंगमध्ये अनवाणी येऊन जो दाराला हात लावेल तो ती वाट. आणि तुमचा जॉइंट तापतोय म्हणजे तो न्यूट्रल तुटायच्याच रस्त्याला लागलाय.

उद्यमनगरी_लेथ
काकांना इथं पूर्ण मार्क. अर्थिंगच होतं, फक्त खड्ड्यात नव्हतं. मीटरपाशी मेन बंद करून सॉकेट उघडा, आणि वायर जिथं जिथं जोडलीय तो प्रत्येक डबा पण.

व्हीनस_कॉर्नर
मधेच विचारतो, पावसाळ्यात पोर्टेबल चार्जर जमिनीवर ठेवला तर चालतो का? डब्यावर आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) लिहिलंय.

उद्यमनगरी_लेथ
ते रेटिंग डब्याचं, प्लगचं नाही. डबा हुकला अडकवा, केबलवर लोंबकळू देऊ नका. सॉकेट साध्या पार्किंगमध्ये चार-साडेचार फुटांवर बास. पण व्हीनस कॉर्नरला २०१९ ला आणि २०२१ ला किती पाणी होतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. तिथं सॉकेटची लाइन तोडायचा स्विच (आयसोलेटर) पहिल्या मजल्यावर घ्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की तो खाली आणि गाडी वरच्या रस्त्यावर. ४३ च्या धोका पातळीची वाट बघू नका.

मंगळवारपेठ_४७
उघडलं. बरोबर आहे सगळं. सॉकेटमध्ये न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर हिरवी वायर. वरून आलेली केबल दोनच तारांची, अर्थ खाली आलेलीच नाही. न्यूट्रलचा स्क्रू अर्धा फेरा फिरला इतका सैल, भोवतीचं प्लास्टिक चहासारखं तपकिरी. जिन्याखालच्या डब्यात दोन्ही वायरी पिळून वर टेप मारलाय, न्यूट्रलवरचा टेप वितळून डब्याला चिकटलाय.
वायरमनला फोटो पाठवले. म्हणतोय सगळीकडं असंच करतात.
आता नक्की काय काय सांगू त्याला? आणि दुसरा वायरमन सुचवा.

उद्यमनगरी_लेथ
चार्जरला प्लगचा ताप कळत होता. जिन्याखालच्या डब्याचा कुणालाच कळत नव्हता.

त्याला हे वाचून दाखवा. तीन तारांची तांब्याची केबल, ४ स्क्वेअर, मीटरपासून सॉकेटपर्यंत अखंड, मधे एकही जॉइंट नाही. १३ अँपिअरला सव्वाचार व्होल्ट पडतील. पुढं ७.२ किलोवॅटचा बॉक्स लावायचा विचार असेल तर आत्ताच ६ स्क्वेअर ओढा, ३२ अँपिअरला सात व्होल्टच्या आत राहतं, दुसऱ्यांदा भिंत फोडायला नको. मीटरपाशी १६ ची सी-कर्व्ह एमसीबी आणि २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, टाइप-ए. टाइप-एसी घेऊ नका, दुकानदार स्वस्त म्हणून तीच पुढं करतो. गाडीच्या चार्जरकडून डीसीचा अंश गळू शकतो, तो टाइप-एसीला ओळखू येत नाही. टोकांना फेरूल (तारेवर बसणारी धातूची नळी) दाबून मगच स्क्रूखाली. सॉकेट पिना घट्ट पकडणारा घ्या, आणि आठवड्यानं मेन बंद करून सगळे स्क्रू परत आवळा. चार्जरचा प्लग कापून दुसरा लावू नका, वॉरंटी जाते आणि तो सेन्सरही जातो.

पाटील_अर्थिंगवाले
आणि अर्थची तार मीटर बोर्डाच्या अर्थ पट्टीवर, ती पट्टी खरोखर खड्ड्याला जोडलेली आहे का ते बघून. अर्थ टेस्टरनं खड्ड्याचा रोध मोजायला लावा, मल्टिमीटरनं नाही. ५ ओहमच्या वर आला तर दुसरा रॉड, पहिल्यापासून ३ मीटर लांब. मीठ-कोळसा घालू नका, मीठ जीआय पाइप खातं. बेंटोनाइट घाला.

राजारामपुरी_१२वी_गल्ली
मीठ-कोळशावर अख्खं कोल्हापूर चाललंय.

पाटील_अर्थिंगवाले
म्हणूनच ह्या धाग्यावर बसलोय.

बारा_गाड्या
८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, बॅटरी खराब होते.

उद्यमनगरी_लेथ
हे कुणी विचारलं नव्हतं, आणि सरसकट खरं पण नाही. एलएफपी (लोह-फॉस्फेट) बॅटरी असेल तर अधूनमधून १०० करावीच लागते, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८०, लांब जायच्या आदल्या रात्री १००. गाडीच्या पुस्तकात बघा.

मंगळवारपेठ_४७
केबल उद्या दुपारी. मग शनिवारचं काय? तोवर करंट कमी करून लावू का?

उद्यमनगरी_लेथ
त्या सॉकेटवर अजिबात नाही. ८ अँपिअरवर ताप कमी होईल, बॉडीवर फेज यायचा धोका तेवढाच.
उद्या संध्याकाळी ७ ला केबल तयार झाली तर २० टक्क्यांवरून १०० ला २४ युनिट, गळती धरून २७. नव्या केबलवर २.७ किलोवॅटनं दहा तास, म्हणजे पहाटे पाच. नाही झाली तर गावातल्या एखाद्या सीसीएस-२ प्लगच्या डीसी फास्ट चार्जरवर ८० पर्यंत भरून घ्या, त्याच्या पुढं वेग पडतो आणि मागं रांग लागते. पुणे साधारण २३० किलोमीटर, ३० च्या बॅटरीत एका दमात जायचा हट्ट नको. कराड किंवा साताऱ्यात थांबा, आणि तिथला चार्जर चालू आहे का ते निघायच्या आधी ॲपवर बघा.

मंगळवारपेठ_४७
दुसऱ्या वायरमननं केलं, ४ स्क्वेअर, सलग. आरसीसीबी टाइप-ए मिळाली, तीन दुकानं फिरून. खड्डा ३.८ ओहम.
मीटर चालू २१४, सॉकेट चालू २१०. प्लग कोमट पण नाही, अडीच तास झाले.
पण न्यूट्रल-अर्थ आता ४.८ दाखवतंय. आधी शून्य होतं. बिघडलं का काहीतरी?

पाटील_अर्थिंगवाले
चार्जर बंद केल्यावर किती?

मंगळवारपेठ_४७
१.१

पाटील_अर्थिंगवाले
मग जावा पुण्याला. दोन व्होल्ट तुमच्या केबलच्या न्यूट्रलचे, बाकीचे खांबापासून मीटरपर्यंतचे. चालू असताना एवढं दिसायलाच पाहिजे.

व्हीनस_कॉर्नर
आमच्या सॉकेटवर आत्ता मोजलं. चालू असताना ०.० येतंय.

उद्यमनगरी_लेथ
एमसीबी खाली करा.