को-वर्किंगमधे स्लॅक चालू केलं पण कोणी बोलतच नाही, काय करू?

पर्वरीवाला:
गोव्यात पर्वरीला आमची छोटी को-वर्किंगची जागा आहे, म्हणजे वेगवेगळी कामं करणारे लोक भाड्याने टेबल घेऊन बसतात, चाळीसेक टेबलं. मेंबरांची ओळख व्हावी, एकमेकांना कामं मिळावीत म्हणून पावसाळ्यात स्लॅक हे कामाच्या चॅटचं अ‍ॅप चालू केलं, सहा चॅनेल, म्हणजे विषयवार ग्रूप, काढली. पंधरा दिवस हाय-हॅलो झालं नि आता तिथे फक्त माझ्याच सूचना, उद्या लाइट जाणार, गाड्या नीट लावा. बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर. परवा कळलं की एकाने वेबसाइटचं काम बंगळुरूला दिलं आणि त्याच्या मागच्याच टेबलावरचा मुलगा वेबसाइटच बनवतो, दोघांनाही पत्ता नाही. फार वाईट वाटलं. पेड प्लॅन घेऊ का बंदच करू?

म्हापशेकर:
बंद नको बाब, पण पैसेही घालू नका. स्लॅकच्या फ्री प्लॅनमधे 90 दिवसांच्या आधीचे मेसेज दिसत नाहीत, म्हणजे जूनमधे कोणी स्वतःची ओळख लिहिली असेल तर सीझनला आलेल्या माणसाला ती सापडणारच नाही. कोण काय करतो ते गूगल शीटमधे ठेवा नि लिंक पिन करा. आणि सहा चॅनेल कशाला, दोन पुरे.

मडगावची:
व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं चाललंय ते बरं असं समजू नका. ग्रूपमधे नंबर सगळ्यांना दिसतो. मी आधी जिथे बसायचे तिथल्या एका मेंबरचे रात्री अकराला मेसेज यायला लागले, मी ग्रूप सोडला, मग सूचनाही बंद आणि कामंही. व्हॉट्सअ‍ॅपचीच कम्युनिटी काढलीत तर तिच्या अनाउन्समेंट ग्रूपमधे बाकी मेंबरांना नंबर दिसत नाही, तेवढं तरी करा.

फोंड्याचा:
आमच्याकडेही स्लॅक असंच पडून होतं. मग मीटिंग रूमचं बुकिंग फक्त तिथेच घ्यायला लागलो, वही काढूनच टाकली, रूम हवी तर उघडावंच लागतं. पण खरा फरक शुक्रवारच्या चहाने पडला. नवीन माणूस आला की आमची मॅनेजर त्याला टेबलावरून उठवते, दोघा-तिघांशी गाठ घालून देते आणि त्याची ओळख तिथल्या तिथे स्वतः टाईप करते, कारण स्वतःबद्दल लिहायला लोक लाजतात. भेट आधी, मेसेज नंतर. यंदा चवथीला सगळे गावी गेलेले, एकाचा सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने काणकोणला घरी बसून चालू करून दिला, चॅनेलवर बघूनच.

पर्वरीवाला:
बुकिंगचं सोमवारपासून करतो, चहाचंही. ताई, नंबरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या ग्रूपमधून दोघी न सांगता निघून गेल्यात, आज फोन करून विचारतो.