गिटारच्या 'फिंगरिंग'ला मराठीत काय म्हणावं?

पंचवटीकर: कॉलेज रोडवरच्या एका क्लाससाठी गिटारच्या धड्यांची मराठी पुस्तिका करतोय. स्वरलेखन म्युझस्कोर या सॉफ्टवेअरमध्ये. सुराशेजारी कोणतं बोट ते छापायचंय आणि पानाच्या वर खुणांचा खुलासा मराठीत हवाय. 'अंगुलिनिर्देश' लिहिलं तर मुलं हसली. 'आकडे' लिहिलं तर तारेचा आकडा बोटाचा समजून वाजवायला लागली.

सहातारा: मुलांचं काही चुकलं नाही. गिटारच्या पानावर आकडे तीन तऱ्हांचे असतात. साधा १ ते ४ म्हणजे डाव्या हाताचं बोट, ० म्हणजे खुली तार. वर्तुळातला १ ते ६ म्हणजे तार, सगळ्यात बारीक ती पहिली. रोमन आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर (दांडीवरची आडवी पट्टी, फ्रेट) हात ठेवायचा ते. टॅबमध्ये, म्हणजे प्रत्येक तारेला एक रेघ असलेल्या लेखनात, तर रेघेवरचा साधा आकडाच पडदा! म्हणून खुलाशात नुसतं 'आकडा' नकोच. बोट, तार, पडदा असं लिहा. सतारीमुळे 'पडदा' घराघरांत माहीत आहे. आणि म्युझस्कोरच्या फिंगरिंग पॅलेटमध्ये डाव्या हाताची बोटं, उजव्या हाताची अक्षरं आणि वर्तुळातली तार वेगवेगळी दिलेली आहेत. साध्या आकड्याभोवती वर्तुळ काढत बसू नका.

गोदाकाठ: 'अंगुलिक्रम' कसा वाटतो? जुना, भारदस्त शब्द आहे.

सहातारा: तानेला शोभेल. पण कॉर्डमध्ये (एकत्र वाजणारे सूर) तीन बोटं एकदमच पडतात, तिथे क्रम कसला? तिथे 'बोटांची मांडणी' म्हणा. मथळ्याला मात्र नुसतं 'बोटं' पुरे. 'या ओळीची बोटं लिहून द्या' हे कुणालाही कळतं.

गोदाकाठ: उजव्या हाताची पी, आय, एम, ए ही अक्षरं स्पॅनिश आहेत: पुल्गार, इंदिसे, मेदिओ, आनुलार. गंमत म्हणजे मेदिओ–मध्यमा, आनुलार–अनामिका जुळतात! मग अं, त, म, अ का छापू नये?

सहातारा: कारण अं आणि अ एकाच पानावर. बारीक टायपात तो अनुस्वार दिसायचाही नाही, आणि अंगठ्याच्या जागी अनामिका वाजेल. शिवाय उद्या हाच मुलगा तारेगा या स्पॅनिश गिटारकाराची रचना उघडेल तेव्हा तिथे पी, आय, एम, ए-च असणार. अक्षरं राहू द्या, खुलाशात एकदा मराठी नावं द्या.

लिलीपाँडवाला: आमच्या लिलीपाँडमध्ये (स्वरलेखन मजकुरासारखं टाइप करायचं सॉफ्टवेअर) कॉर्डच्या प्रत्येक सुराला कोनी कंसाच्या आत बोट जोडता येतं आणि ते डावीकडे, उजवीकडे, वर की खाली हे ठरवता येतं. कंसाबाहेर लिहिलं तर आकडे कॉर्डच्या वर किंवा खाली रचले जातात आणि कोणता कुणाचा ते शोधावं लागतं. गिटारला शक्यतो डावी बाजू बरी.

पंचवटीकर: एक मुलगी आधी पियानो शिकलेली आहे. ती १ म्हणजे अंगठा धरते.

सहातारा: पियानोत तसंच आहे. गिटारमध्ये डावा अंगठा दांडीच्या मागे, म्हणून मोजणी तर्जनीपासून. तिच्यासाठी खुलाशात 'तर्जनी १, करंगळी ४' एवढं ठळक करा.

गोदाकाठ: आणि उजवी करंगळी?

सहातारा: फ्लॅमेन्को या स्पॅनिश शैलीत रास्गेआदोला, म्हणजे बोटं एकामागून एक तारांवर झटकताना, लागते. तिच्यासाठी सी, ई, एक्स अशी वेगवेगळी अक्षरं छापलेली सापडतात. पुस्तिकेत आलीच तर त्यातलं एक धरा आणि तेच शेवटपर्यंत ठेवा.