सोळा-सतरा हजारांचा छोटा लॅपटॉप घेणाऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी जांबोटीच्या बसमध्ये बसून बघावं

खानापूरची हिशोबवाली:
काल इथं एका दादांनी लिहिलं होतं, 'रोजच्या वापराला 15-20 हजारांत मिळणारे 11 इंची लॅपटॉप म्हणजे खेळणी. घेणारा वर्षात रडत येतो. मोठा परवडत नसेल तर मोबाईलवर भागवा.' खाली अंगठ्यांची रांग. रात्री वाचलं आणि झोप उडाली, म्हणून सकाळी दळण बाजूला ठेवून लिहायला बसलेय.

मी चार दूध डेअऱ्यांचे आणि दोन बचत गटांचे हिशोब कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या शीटमध्ये, लिहिते. बेळगावाकडचं खानापूर, जांबोटी, कधी कणकुंबी. सगळं बसनं. माझ्याकडे जे खेळणं आहे त्यात सेलेरॉन एन 4020 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण. पिशवीत घातलं तर एक किलो आणि वर थोडं. सव्वादोन वर्षं झाली, अजून रडले नाही.

भावाचा 15 इंची एकदा नेला होता. बसमध्ये मांडीवर घेतला तर पडदा समोरच्या सीटला टेकला, पुरता उघडेचना. अर्ध्या उघड्या फटीत मान घालून फॅट-एसएनएफ (दुधाच्या तपासणीचे आकडे) भरत बसले, जणू घागरीत तोंड घातलंय. वर पुढच्या आजोबांनी सीट मागं रेटली. तेव्हापासून तो घरातच.

आणि मोबाईलवर भागवा म्हणणाऱ्यांनी दहा दिवसांचं दीडशे सभासदांचं बिल मोबाईलवर करून दाखवावं. मी केलंय. अंगठ्याखाली एकावेळी तीन चौकोन येतात. एका म्हाताऱ्याच्या म्हशीला 7.2 च्या जागी 72 फॅट लागली. तो म्हणाला, 'बाई, ही म्हस नव्हं, लोण्याचा गोळाच की.' सगळी डेअरी हसली. मी नाही हसले.

टिळकवाडी कट्टा:
ते दादा म्हणजे मीच. अडाणी हा शब्द मी लिहिलेला नाही, तो तुम्ही मथळ्यात घातलाय. असो.

ताई, तुमचं काम तुम्हीच सांगितलंत: कॅल्कची एक शीट. त्याला चालेल हो. खरं इथं विचारणारी निम्मी पोरं डिप्लोमा, इंजिनिअरिंगची. त्यांना तुम्ही काय सांगणार? एन 4020 मध्ये दोन कोअर आहेत. रॅम बोर्डलाच चिकटवलेली, वाढवता येत नाही. साठवण ईएमएमसी चिपची, तीही चिकटवलेली. विंडोज 11 ची किमान अट काय, तर 4 जीबी आणि 64 जीबी. म्हणजे तुमचं यंत्र जन्मालाच पासिंगच्या काठावर. पस्तीस मार्कांवर पास झालेल्याला पुढच्या वर्षी पेपर थोडा अवघड आला की काय होतं?

त्याच पैशात कंपनीतनं निघालेला जुना थिंकपॅड एक्स 260 मिळतो. साडेबारा इंची, दीड किलोच्या आसपास. रॅम 16 जीबीपर्यंत बदलता येते, डिस्क बदलता येते. मागची बॅटरी तर यंत्र चालू असताना काढून दुसरी घालता येते. खेळणं कुठलं आणि हत्यार कुठलं, तुम्हीच ठरवा.

निपाणीचा जुना नेटबुकवाला:
ह्या वादाला वीस वर्षं व्हायला आली. 2007 साली असूसचा ई पीसी 701 आला तेव्हाही हेच: खेळणं, खेळणं. 7 इंची पडदा, 512 एमबी रॅम, 4 जीबी साठवण. आजच्या पेनड्राइव्हला पण लाज वाटेल. तरी मागनं सगळ्या कंपन्या अॅटम प्रोसेसर घालून तेच काढू लागल्या.

माझा 10 इंची होता, 1024 बाय 600. त्याची खरी गंमत कुणी सांगत नाही. कुठलीही खिडकी उघडली की 'ओके'चं बटण पडद्याच्या खाली! दिसणारच नाही. ऑल्ट-स्पेस, मग एम, मग वरचा बाण दाबत दाबत खिडकी वर ढकलायची आणि बटण गाठायचं. विहिरीतनं बादली काढल्यासारखं. आणि विंडोज 7 स्टार्टर असेल तर वॉलपेपरसुद्धा बदलता यायचा नाही. गरिबाला निळा पडदा बघत बसायची शिक्षा.

पण त्याच्यावर मी तंबाखूच्या वखारीत तीन हंगाम वजनं लिहिली. तो धूर, ती धूळ. पंखा मधनंच कुंथायचा, खरं बंद नाही पडला.

शहापूर दुरुस्ती:
मी रोज उघडतो ही यंत्रं, म्हणून दोन शब्द. ताईंचंही बरोबर, दादांचंही. तेवढं म्हणून गप्प बसलो असतो, पण माझ्या टेबलावर आता काय आहे ते सांगतो.

11 इंची आहे. कुठल्या कंपनीचा ते सोडा. पोराच्या आईनं आणलाय, म्हणाली टचपॅड दबत नाही. मागचे स्क्रू काढले तर बॅटरी पापडासारखी फुगलेली, तिनंच टचपॅड खालनं वर उचललाय. हे झालं बॅटरीचं, बदलता येतं. बिजागरी मोडली तर? पट्टी धातूची, खरं ती ज्यात रोवली ते प्लॅस्टिकचं. पडदा एका कोपऱ्याला धरून उघडता उघडता ते प्लॅस्टिक फुटतं. मी एपॉक्सी भरून देतो, चार-सहा महिने जातात. आणि ईएमएमसी मेली तर अख्खा बोर्ड, आणि बोर्डाच्या किमतीत नवीन यंत्र. तिथं मी हात जोडतो.

ताई, तुम्ही पडदा मधोमध धरून उघडत असणार. म्हणून सव्वादोन वर्षं.

खानापूरची हिशोबवाली:
मधोमधच धरते. आमच्या घरी कपाटाचं दारसुद्धा कुणी एका बोटानं उघडत नाही.

आता कट्टादादा, तुमच्या एक्स 260 बद्दल. सहाव्या पिढीचा प्रोसेसर ना तो? विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी लागते. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणजे तुमचं हत्यार विंडोज 11 च्या यादीत नाही आणि माझं पस्तीस मार्कवालं एन 4020 यादीत आहे. पेपर अवघड गेला तो कुणाला?

टिळकवाडी कट्टा:
यादी यादी काय घेऊन बसलाय. लिनक्स टाकायचं, संपला विषय.

खानापूरची हिशोबवाली:
लिनक्स माझ्यातही जातं की ओ.

टिळकवाडी कट्टा:
बरं. हा मुद्दा तुमचा. आठव्या पिढीचा जुना घ्या म्हणतो, चार-पाच हजार जास्त जातील. समाधान?

कॅम्पातला कारकून:
सगळं ठीक आहे, पण ह्यांना बसमध्ये बसून लॅपटॉप उघडायला जागा मिळते हेच आश्चर्य. जून 2023 पासून कर्नाटकाची शक्ती योजना, बायकांना बस फुकट. आम्ही पैसे देऊन उभे, ह्या फुकट बसून शीट भरणार. आणि वर सीट मागं रेटली म्हणून तक्रार.

खानापूरची हिशोबवाली:
काका, मी सकाळी साडेसहाच्या बसला असते. तुम्ही उठता का तेव्हा?

गणपत गल्ली डीटीपी:
मूळ प्रश्न राहिला बाजूला. रोजच्या वापराचं यंत्र म्हणता ना? मग त्याच्यावर मराठी लिहून बघितलंय का कुणी? प्रोसेसर आणि रॅम सगळे मोजतात, कळफलकाला हात कोण लावत नाही.

छोट्या यंत्रात जागा वाचवायला उजव्या काठाची बटणं आधी बारीक करतात. एंटरशेजारची. इंग्रजीत त्यांचं काही अडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या सरकारी कळफलकात, तिथंच ड बसलाय, तिथंच ॉ, आणि वर बरोबरच्या चिन्हावर ृ. डॉक्टर, कॉलेज, कृष्णा, गृह, एक शब्द धड निघत नाही. करंगळी जाते एंटरवर आणि ओळ तुटते. म्हणून मी दुकानात जुना जाड कळफलक यूएसबीनं लावतो. मग तुमचं एक किलोचं यंत्र किती किलोचं झालं?

व्हीटीयूचा पोरगा:
काका, 2025 उलटून गेलं, अजून इनस्क्रिप्ट? फोनेटिक टाका. vivah लिहिलं की विवाह.

गणपत गल्ली डीटीपी:
विवाहचंच नाव काढलंस बाळा, बरं केलंस.

एका घरच्या लग्नाची पत्रिका. अर्धी मराठी, अर्धी कन्नड, मुलीकडचे गोकाकचे. मजकूर आला जुन्या फॉन्टमधला. कुणीतरी घरीच कन्व्हर्टरमधनं युनिकोड करून पाठवलेला, म्हणे तुमचा वेळ वाचला. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि तशीच साठते. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागनं. कन्व्हर्टरनं अदलाबदल केली नाही. 'विवाह'मधली वेलांटी व सोडून बाहेर आली आणि ठिपक्याठिपक्यांच्या गोळ्यावर बसली. आणि मी प्रूफ कशावर बघितलं? भाच्याच्या 11 इंची पडद्यावर, कारण दुकानात लाईट नव्हती. अख्खं पान पडद्यावर बसवलं की अक्षरं मुंगीएवढी. दिसलं नाही. तीनशे छापल्या. मुलीच्या मामानं दुकानात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली.

म्हणून सांगतो, छोटा पडदा म्हणजे छोटा पडदा. फोनेटिक का जुना फॉन्ट ते नंतर बघू.

निपाणीचा जुना नेटबुकवाला:
ही चूक पडद्याची नव्हे, तुमची. झूम करायचं की.

गणपत गल्ली डीटीपी:
वखारीत वजनं लिहिणाऱ्यानं प्रूफरीडिंग शिकवू नये.

निपाणीचा जुना नेटबुकवाला:
तीनशे पत्रिका रद्दीत घालणाऱ्यानं कळफलक शिकवू नये.

व्हीटीयूचा पोरगा:
शांत व्हा की दोघं. आणि इथं नुसतं मराठी येऊन चालतंय कुठं? पंचायतीचा अर्ज कन्नडात. त्याला नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर टाका, त्याचा कळफलक निराळा. घरी मराठी फोनेटिक, कॉलेजात इंग्रजी. तीन कळफलक एका डोक्यात. आधी बेळगावी जिल्ह्यात राहायचं म्हणजे

कॅम्पातला कारकून:
बेळगाव म्हण.

व्हीटीयूचा पोरगा:
2014 पासून बेळगावीच आहे काका, कागदावर.

कॅम्पातला कारकून:
कागदावर काहीही असूदे. मराठीत कागद मागितला की काय तोंड करतात ते बघितलंयस का? माझ्या आईच्या उताऱ्यासाठी मी तीन खेपा घातल्या

गणपत गल्ली डीटीपी:
थांबा थांबा. सीमावादाचा तो दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो काही 11 इंची लॅपटॉपवर निकाली निघणार नाही.

पोरा, तुझे तीन कळफलक मात्र मी दोन करून देतो. इनस्क्रिप्ट म्हातारं म्हणून हसतोस, खरं ते सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. के दाबलं तर मराठीत क, भाषा कन्नड केली की त्याच बटणावर ಕ. एच वर प आणि ಪ. एल वर त आणि ತ. बोटं तीच, लिपी बदलते. माझ्याकडे पत्रिकेचा मराठी भाग संपला की मी नुसती भाषा बदलतो, हात उचलत नाही. नुडीत ते नाही. तुझ्या फोनेटिकमध्येही नाही.

व्हीटीयूचा पोरगा:
हे खरंय का? कन्नड पण?

शहापूर दुरुस्ती:
खरंय. मी स्टिकर लावून देतो दोन्ही लिप्यांचे. ताई, तुमचं एक विचारायचं राहिलं. पावसात कणकुंबीला लाईट जाते तेव्हा काय करता?

खानापूरची हिशोबवाली:
वायफायच्या डब्याला लावायचा छोटा यूपीएस आहे ना, त्याची पिन बसते. त्याच्यावर चालवते. दीड-दोन तास मिळतात.

शहापूर दुरुस्ती:
अगं बाई! पिन बसली म्हणून लावलंत? तुमचा अडॅप्टर 12 व्होल्टचा असेल म्हणून निभावलं. त्याच्यावर लिहिलेलं असतं, बघा. 12 व्होल्ट, 2 अॅम्पियर असेल तर चालू द्या. दुसऱ्या कुणी हे वाचून आपल्या 19 व्होल्टवाल्याला लावू नका, आणि 12 वाल्याला 19 चा तर नकोच. पिन सगळ्या बहिणीबहिणी दिसतात, जावा निघतात.

खानापूरची हिशोबवाली:
बघितलं. 12 व्होल्ट 2 अॅम्पियरच आहे. भावानं बघून दिलं होतं, मी काय अंधारात नव्हते.

टिळकवाडी कट्टा:
बसनं हिंडणाऱ्या, एकच काम असणाऱ्या, पडदा मधोमध धरून उघडणाऱ्या, यूपीएसचे व्होल्ट वाचणारा भाऊ असणाऱ्या बाईसाठी छोटा लॅपटॉप चांगला आहे, हे मी मान्य करतो. लिहून घ्या. डिप्लोमाच्या पोरांसाठी माझं म्हणणं तेच. जिओबुक 2023 मध्ये 16,499 ला आलं, किलोच्या आत वजन, सगळे खूश. खरं त्यात अँड्रॉइडवर बेतलेली सिस्टिम. त्यावर ऑटोकॅडचं विंडोजवालं सॉफ्टवेअर बसवून दाखवा.

खानापूरची हिशोबवाली:
ऑटोकॅड मागितलं कुणी? म्हशीचं दूध मोजायचंय मला.

व्हीटीयूचा पोरगा:
डीटीपीकाका, भाषा इनस्क्रिप्टवर लावली. क आला, ಕ पण आला. भारी आहे. पण 'वऱ्हाड'मधला तो अर्धा र कुठनं काढायचा? मला नुसता रफारच येतोय.

गणपत गल्ली डीटीपी:
साधा र नको. शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग ह. आणि ड साठी एंटरकडचं ते बारकं बटण. करंगळी सांभाळ.

व्हीटीयूचा पोरगा:
वऱ्हा
ड

गणपत गल्ली डीटीपी:
गेली ना एंटरवर.