तेच ते संगीत? नाही हो!

'घरात चित्रपटाची जुनी एलपी (तबकडी) आहे, मग तेच पार्श्वसंगीत नव्या, वाढीव आवृत्तीत पुन्हा विकत कशाला घ्यायचं?' हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण ते 'तेच' नसतं, गंमत तिथेच आहे. एलपीच्या एका बाजूला जेमतेम 20-25 मिनिटं मावायची. त्यामुळे तासभराच्या संगीतातून निवडक तुकडे घ्यायचे, आणि कित्येकदा तेही तबकडीसाठी वेगळे वाजवून घेतलेले. म्हणजे पडद्यावर ऐकलेलं घरी आणलंच नव्हतं आपण! नव्या आवृत्तीत बहुतेकदा मूळ ध्वनिफितींवरचे सगळे तुकडे, गाळलेलेसुद्धा, चित्रपटातल्या क्रमाने मिळतात.

त्या फिती वाचवणं हेही दिव्यच. 1970च्या दशकातल्या काही फितींचा लेप ओल धरून चिकट होतो. मग त्या पन्नासेक अंश सेल्सिअसला काही तास चक्क भाजतात आणि त्यांवरचा आवाज लवकरात लवकर दुसरीकडे उतरवून घेतात.

अर्थात, सगळ्याच आवृत्त्यांवर उडी मारू नका. रंगीत तबकडी आणि जाड खोका हे माझ्या मते निव्वळ सजावट (मीही फसलोय त्याला, दोनदा). आवाज कुठल्या फितीवरून घेतला हे आत छापलेलं नसेल, तर मी तरी थांबतो.