मोनालिसाकडं पाठ करून पाहा

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात मोनालिसापुढं मोबाईल धरलेले हातच दिसले, पैसे वाया गेले असं एकानं लिहिलंय, गर्दीचं खरंय पण वाया गेले हे मले नाही पटत. एकतर तिकडं शिकायला राहणाऱ्या 26 च्या आतल्या पोरांना तिकीटच नसतं, म्हणून मी तीनचारदा गेलो. मोनालिसा जेमतेम 77 बाय 53 सेंटीमीटर, पण तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसे या इटालियन चित्रकाराचं 1563 चं चित्र आहे, जवळपास 10 मीटर रुंद, अख्खी लग्नाची पंगत! उजवीकडं रांजणातून ओतणारा वाढपी पाहून मले आमच्या दारव्ह्याकडचं लग्नच आठवलं बाप्पा, अर्धा तास उभा होतो, कोणी ढकललं नाही.