अनुभव धागा: जुन्या पिकअपची टाकी भरताना नोझल सारखं 'खट' का करतं?

टाकी निम्मीही झालेली नसते आणि नोझल बंद पडतं. पुन्हा दाबलं की पुन्हा खट. मागे रांग लागते, हॉर्न सुरू होतात, आणि सगळा राग पंपावरच्या मुलावर निघतो. त्या मुलाची बाजू घ्यावी म्हणूनही हा धागा काढतोय. बऱ्याच वेळा दोष आपल्या गाडीत असतो. मुंबईत जुन्या डिझेल पिकअप चालवणाऱ्या, सांभाळणाऱ्या सगळ्यांनी लिहा. नुसतं 'दुरुस्त झालं' नको, काय खोललं आणि आत काय निघालं ते सांगा.

सुरुवात मी करतो. माझी गाडी वाशी मार्केटातून दादरला भाजी आणते. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. डिझेल वाहत असताना त्या भोकातून हवा ओढली जाते. डिझेल वर येऊन भोक झाकलं की हवा थांबते, आत ओढ तयार होते आणि झडप मिटते. म्हणजे नोझलला टाकी भरली की नाही ते कळत नाही, तोंडाशी डिझेल आलं एवढंच कळतं. आता टाकीत डिझेल जाताना आतली हवा बाहेर यायला हवी. त्यासाठी डिझेल टाकीत नेणाऱ्या जाड फिलर पाईपच्या बाजूने एक बारीक ब्रीदर पाईप असतो. तो तुंबला की हवा जाड पाईपातूनच उलटी येते, नळाखाली धरलेल्या अरुंद तोंडाच्या बाटलीसारखं डिझेल उसळतं आणि नोझल बंद. माझ्या गाडीत ब्रीदर बाहेरून ठणठणीत होता. कापून पाहिला तर आतला रबराचा थर सुटून पापुद्रा लोंबत होता. तार घातली तर ती आरपार जायची, पण हवा आली की पापुद्रा वाट अडवायचा. म्हणून सांगतो, तार गेली म्हणजे पाईप मोकळा, असं धरू नका.

भाऊचा धक्का, मासळीची गाडी
आमच्याकडे वेगळंच. बर्फाचं खारं पाणी मागच्या माल ठेवायच्या हौद्यातून रोज चॅसीवर गळतं. फिलरची लोखंडी नळी आणि क्लिपा त्यानेच खाल्ल्या. गंजाचे पोपडे ब्रीदरच्या तोंडाशी साचले होते. आता हौदा धुतला की खालूनही गोड्या पाण्याचा फवारा मारतो. नळी बदलताना मिस्त्री बागेतला प्लॅस्टिक पाईप लावत होता, मी लावू दिला नाही. तो डिझेलने कडक होतो आणि तडकतो. डिझेलचाच रबरी होज घ्या, कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतो.

भिवंडी–वापी
गुजरातेत डिझेल स्वस्त असायचं तेव्हा परतताना तिकडेच फुल करायचो. टाकी भरली नाही तर सरळ खिशाला चाट बसायची. आमचा हौदा नवा बांधला तेव्हा टाकी थोडी सरकवली आणि ब्रीदरला झोल राहिला. त्या झोलात डिझेल साचायचं आणि हवा अडायची. पाईप आखूड करून वरच्या चढाने बांधला, तेवढ्यावर भागलं. हौदा बदललेल्यांनी पहिलं हेच बघा.

शिवडी
मी तर पंपावर मापाचं भांडं मागितलं. पाच लिटरचं प्रमाणित माप ग्राहकाला मागता येतं. माप बरोबर भरलं, तेव्हा पटलं की पंपाचा दोष नाही. ब्रीदरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर निघालं. गाडी पावसाळाभर उभी होती.

भांडुप, गॅरेज
वरच्या भावाला जोडून लिहितो. तुंबलेल्या पाईपात कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर आधी पाईप टाकीकडून सोडवा. नाहीतर सगळी घाण टाकीत जाते आणि पुढे फिल्टर चोंदतो.

आणखी एक, उलट्या दिशेचा त्रास. इंजिन डिझेल ओढतं तशी बाहेरची हवा टाकीत यायला लागते. ती वाट झाकणात किंवा ब्रीदरमध्ये बंद असेल तर गाडी पूर्व द्रुतगती मार्गावर छान पळते आणि थोड्या वेळाने दम सोडते. झाकण उघडलं की 'फुस्स' आणि गाडी पुन्हा चालू! लोक गाडीतला डिझेल पंप, फिल्टर सगळं बदलतात. आधी झाकण उघडून बघा.

सायन
गांधी मार्केटला पाणी भरलं तेव्हा गाडी त्यात उभी राहिली. गरम टाकी पाण्यात गार झाली की आतली हवा आकसते, ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी ओढलं जातं. टाकीच्या तळाचा आणि फिल्टरखालचा बोल्ट सैल करून आधी पाणी काढा, मगच स्टार्टर मारा.

दादर, फुलांची गाडी
गाडी माझ्या नवऱ्याची, हिशेब आणि दुरुस्ती माझ्याकडे. आमच्या टाकीचं तोंडच गंजून कुजलं होतं. वेल्डर म्हणाला, "ताई, टाकी रिकामी आहे, दोन मिनिटांचं काम." मी नाही म्हटलं. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि ठिणगीने तीच पेट घेते, भरलेलीपेक्षा हिचीच भीती जास्त. शिवाय त्या गल्लीत माणसं, हातगाड्या, फुलांचे ढीग. आम्ही दुसरी टाकी बसवली, ब्रीदर आणि फिलरचा होज त्याच वेळी नवे टाकले. नोझल आता टाकी भरल्यावरच बंद होतं. त्यानंतर वर आणखी कोंबू नका एवढं मी ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, कारण सांडलेल्या डिझेलवरून मागची दुचाकी घसरते.