शब्दचर्चा: 'पॅक-इयर'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी: कोथरूडच्या फुप्फुस तपासणी शिबिराचा अर्ज मराठीत करते आहे. 'किमान 20 पॅक-इयर' इथे अडलंय. पॅक-इयर म्हणजे रोजची पाकिटं गुणिले ओढलेली वर्षं, पाकीट 20 सिगारेटींचं. आधीच्या मसुद्यात 'किमान 20 वर्षे धूम्रपान' असं होतं, ते सरळ चूक. रोज 40 सिगारेटी ओढणाऱ्याची 20 पॅक-इयर 10 वर्षांत भरतात, रोज 10 ओढणाऱ्याला 40 वर्षं लागतात. 'पाकीट-वर्ष' चालेल का?

गुणाकार: चालेल. रोजगार हमीच्या कामांत 'मनुष्यदिवस' आहे, विजेच्या मोजणीत 'किलोवॉट-तास' आहे. दोन राशींचा गुणाकार जोडशब्दाने दाखवायची रीत आपल्याकडे रुळलेली आहे. 'प्रकाशवर्ष'ही रुळलंच की.

पेठकर: प्रकाशवर्षाचा दाखला तुमच्यावरच उलटतो. ते अंतर आहे, तरी 'वर्ष' ऐकून लोक काळच समजतात. इथेही तेच होणार. शिवाय पाकीट म्हटलं की आधी खिशातलं पैशांचं आठवतं. 'धूम्रभार' हा नेमका शब्द आहे.

सुधाताई: धूम्रभार टपरीवर उभ्या माणसाला कळायचा नाही, आणि अर्ज तर त्याच्यासाठीच आहे. 'धूम्रपान करता का?' या प्रश्नालाही विडी ओढणारे कितीतरी जण 'नाही' म्हणतात. 'विडी-सिगारेट ओढता का?' असंच विचारावं.

ओपीडी: घोटाळा 'वर्षा'त कमी, 'पाकिटा'त जास्त आहे. व्याख्येतलं पाकीट 20 सिगारेटींचं, आणि आपल्याकडे दहाचं सर्रास मिळतं. 'रोज एक पाकीट, 30 वर्षं' या उत्तराचे दहाच्या हिशेबाने 15 पॅक-इयर होतात, विसाच्या हिशेबाने 30. अमेरिकेतल्या 2021 च्या शिफारशीत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या चाळणी तपासणीला 20 ची रेषा आहे. वय 50 ते 80, आणि ओढणं चालू किंवा सोडून 15 वर्षं पूर्ण न झालेली. म्हणजे पाकीट न उलगडता लिहिलं की माणूस रेषेच्या भलत्याच बाजूला जातो.

म्हणून पाकीट विचारूच नका. रोज किती सिगारेटी ते विचारा, तेही टप्प्याटप्प्याने. समजा 18 ते 25 वयात रोज 5, पुढची 20 वर्षं रोज 15, शेवटची 3 वर्षं रोज 4. प्रत्येक टप्प्याची रोजची संख्या भागिले 20, गुणिले वर्षं: 1.75, 15 आणि 0.6, एकूण 17.35. फक्त 'सध्या किती?' विचारून 30 वर्षांनी गुणलं तर 6 येतात. मधे सोडलेली वर्षं वजा करायची, हेही अर्जात छापा. बरेच जण पहिल्या सिगारेटपासून आजपर्यंतची सगळी वर्षं सांगतात.

गुणाकार: मग 20 ने भागायचंच कशाला? भारतातल्या अभ्यासांत 'स्मोकिंग इंडेक्स' वापरतात, रोजची संख्या गुणिले वर्षं. 20 पॅक-इयर म्हणजे 400. 'सिगारेट-वर्षं' म्हणा, पाकिटाचा वादच मिटला.

पेठकर: 'इंडेक्स'ला 'निर्देशांक' आहे, तो का टाळायचा? आणि विडीवाल्याची 'सिगारेट-वर्षं' कशी मोजणार? विडी आपली, संस्कृत 'वीटिका'पासून आलेली. विड्याच्या पानाचा विडाही त्याच कुळातला.

सुधाताई: वीटिका म्हणजे गुंडाळलेलं पान, मान्य. पण हिंदीच्या संगतीने 'बिडी' म्हणणारेही पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांना चूक ठरवण्यात अर्थ नाही.

ओपीडी: व्युत्पत्ती काहीही असो, विडीचं रूपांतर अवघड आहे. सिगारेटपेक्षा तंबाखू बराच कमी, म्हणून काही जण वजनावर एक विडी म्हणजे पाव सिगारेट धरतात. ते फसवं आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी विझते, म्हणून ती वारंवार आणि जोरात ओढावी लागते. निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्या प्रमाणात कमी होत नाहीत. विड्यांचा रकाना वेगळा ठेवा आणि बंडलं नाही, विड्या मोजा. बंडलातली संख्या ब्रँडनुसार बदलते.

सुधाताई: आणि मिश्री? मिश्री लावणाऱ्या बायकांच्या अर्जावर या हिशेबाने शून्य येईल, आणि तोंड तपासायचं राहून जाईल.

ओपीडी: बरोबर. मिश्री आणि तंबाखू-चुना या हिशेबात येतच नाहीत. त्यांचा प्रश्न स्वतंत्र हवा.

पेठकर: 'मिश्री' की 'मशेरी', हेही एकदा ठरवून घ्या. घाटावर दोन्ही ऐकू येतात.